अडीच सुती की आठ मिलिमीटर?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्यात प्रीमियर पद्मिनीचं इंजिन जोडत होतो. हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाला, बसणारा एक लहान बोल्ट दोन-तीन आटे सहज गेला आणि अडकला. काढून पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावला तर इंचाला २४ आटे. म्हणजे तो आठ मिलिमीटरचा नव्हताच. ५/१६ इंची होता, फिटरच्या भाषेत अडीच सुती. आठ सूत म्हणजे एक इंच हा हिशोब ठाण्यातले जुने टर्नर अजूनही तोंडावर करतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. नजरेला फरक कळत नाही, पण आट्याला कळतो. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी, तर या इंची बोल्टचा जेमतेम १.०६. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. पूर्वी कुणीतरी तो बोल्ट जोर लावून आत घातला होता आणि त्याने मूळ आटे खाल्ले होते.

असं करणाऱ्या मेकॅनिकला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या डब्यात तो बोल्ट आला कुठून, हे पाहिलं तर गोष्ट थेट १८४१ सालापर्यंत मागे जाते.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचं प्रमाण सुचवलं. कोन ५५ अंश, प्रत्येक व्यासाला ठरलेला पिच. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा मांडला. तो कापायला सोपा होता, म्हणून अमेरिका त्या वाटेने गेली. युरोपने १८९८ साली झुरिकला मेट्रिक आट्यावर एकमत केलं. त्याचाही कोन ६० अंश, पण माप मिलिमीटरचं.

या फाटाफुटीची खरी किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत बनवताना पॅकार्ड कंपनीला ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय (आटे कापायची हत्यारं) स्वतः तयार करावे लागले. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एकच ‘युनिफाइड’ आटा मान्य केला. कोन अमेरिकन ६० अंशांचाच राहिला. आपण यूएनएफ म्हणतो तो याच घराण्यातला बारीक आटा.

आता आपल्याकडे या. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली. या सगळ्यांचे आटे अमेरिकन इंची. पुढे त्याच कुर्ल्यात फियाट आली आणि तिच्याबरोबर मिलिमीटर. १९६४ ची ११०० डिलाइट १९७४ साली ‘पद्मिनी’ झाली आणि २००० पर्यंत बनत राहिली. तिकडे बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, त्यामुळे यूएनएफ. देशाने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, तरी ॲम्बॅसेडर इंचातच राहिली. नव्वदच्या दशकात तिच्यात इसुझूचं इंजिन आलं, तेव्हा एकाच गाडीत इंजिन मिलिमीटरचं आणि चेसिसखालचं काम इंची असा प्रकार झाला. ठाण्याच्या गॅरेजात या सगळ्या गाड्या एकाच रांगेत उभ्या असत. सुटलेले बोल्टही मग एकाच डब्यात पडत.

स्पार्क प्लग मात्र या भांडणातून सुटला. ॲम्बॅसेडर असो वा पद्मिनी, त्याचा आटा १४ मिमीच!

पान्याच्या बाबतीत मात्र घोळ आट्यासारखाच. ५/१६ च्या यूएनएफ बोल्टचं डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. त्यावर तेरा नंबरचा पाना बसतो, पण ०.३ मिमी सैल. गंजलेल्या बोल्टवर एवढी फट पुरते. कोपरे घासून डोकं गोल होतं. जुन्या जीपची चाकं सोडवताना आणखी एक ध्यानात ठेवा: तिच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. ते ‘जाम’ झालेत असं समजून पाइप लावून ताकद लावली की स्टड तुटतो.

टॉर्कची, म्हणजे बोल्ट आवळताना लागणाऱ्या पिळाच्या जोराची, गोष्ट त्यामानाने अलीकडची. हा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याच्या कल्पनेचं श्रेय न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना दिलं जातं, साल १९१८. त्याआधी सगळी मदार हातावर. अनुभवी हाताचा मी आदरच करतो, पण हेडखालची गॅस्केट (गळती रोखणारी चकती) दाबून धरणारे दहा बोल्ट सारखे ताणले गेले की नाही, हे हात सांगू शकत नाही. बोल्ट हा स्प्रिंगसारखा असतो. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन भाग धरून ठेवतो. आपण लावलेल्या टॉर्कमधला साधारण एक दशांश भागच त्या ताणाला मिळतो, बाकी सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. म्हणूनच कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला तर तो नको तितका ताणला जातो.

एककांचा घोळ याहून घातक. फियाटच्या जुन्या पुस्तिकेत आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये, ॲम्बॅसेडर आणि जीपच्या पुस्तिकेत फूट-पौंडात, आणि आज बाजारात मिळणाऱ्या पान्यावर न्यूटन-मीटर. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, एक फूट-पौंड म्हणजे १.३६. पुस्तिकेतले ४० फूट-पौंड कुणी ४० न्यूटन-मीटर समजून आवळले तर बोल्टला पाऊणपटही जोर मिळत नाही आणि काही दिवसांत गॅस्केट पाझरायला लागतं.

टॉर्कचा आकडा बोल्टच्या जातीवरही, म्हणजे त्याच्या मजबुतीवरही, ठरतो. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, इंची बोल्टवर रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. कोरं डोकं असेल तर तो बोल्ट हेडला किंवा ब्रेकला लावू नका, मग तो कितीही चकचकीत असो.

पद्मिनीच्या त्या भोकात आम्ही नवा टॅप मारला, हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवली आणि ८ मिमी, १.२५ पिचचा बोल्ट आधी फक्त बोटांनी फिरवून शेवटपर्यंत नेला. पाना त्यानंतर हातात घेतला.