शेजारच्या घराची ओल आणि वॉटरप्रूफ पेंटचा गैरसमज

भिंतीला ओल आली की जो तो सांगतो, आतून वॉटरप्रूफ पेंट मार, विषय संपला. अहो नाही संपत! शेजारचं घर भाड्याने दिलेलं, मालक वर्षानुवर्षं फिरकत नाही, त्याचा पन्हाळीचा पाइप फुटलाय आणि पाणी थेट मधल्या भिंतीत मुरतंय, तर तुम्ही आतून कितीही कोट द्या, विटा पाणी शोषतच राहणार आणि ते वाट काढून दुसरीकडे फुटणार. पांढरी पावडर दिसते ना, बोटाला लागते ती, ती बुरशी नाही बरं का, पाणी सुकताना मागे राहिलेले क्षार आहेत, तेच पेंटचे पोपडे काढतात.

आधी खात्री करा. प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा, दोनेक दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली, मग उगाच शेजाऱ्याशी भांडू नका.

भाडेकरूला बोलून फार उपयोग नसतो (तो बिचारा स्वतःच वैतागलेला असतो), तारखेसकट फोटो काढून मालकालाच लेखी कळवा. आणि गळती थांबली तरी लगेच रंगारी बोलावू नका, भिंत पूर्ण वाळायला महिने लागतात.