‘पॉश’चा बोटीशी संबंध नाही
‘पॉश एरियात फ्लॅट घेतला’ म्हणतो, त्यातल्या ‘पॉश’ची एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय. इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू उत्तरेकडे, म्हणजे सावलीची, परतताना उजवी. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी) याची इंग्रजी आद्याक्षरं छापत, म्हणे! सावलीचं गणित बरोबर आहे, म्हणूनच तर थाप पचते. पण पी अँड ओ या जहाज कंपनीचं असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय ‘पंच’ साप्ताहिकाच्या १९१८ च्या व्यंगचित्रात हा शब्द आहे. बोटीची कथा छापून आली ती १९३० च्या दशकात. त्याआधी, एकोणिसाव्या शतकातल्या चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, पैसा; बहुधा रोमा (जिप्सी) लोकांच्या रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून. पैशावरून पैसेवाला, हा प्रवास मला तरी जास्त पटतो.