रगत की खर्रा? डाग ओळखायचा कसा

आमच्या गावच्या पानठेल्यामागं भिंतीवर एका सकाळी लाल डाग दिसला आन चर्चा सुरू, "रगत हाय बावा, रात्री कोनाचं तरी डोस्कं फुटलं." तासाभरानं एका काकांनी कबूल केलं, पिचकारी त्यांचीच होती. आम्ही हसलो, पण वाळलेलं रक्त आन पान-खर्र्याची (खर्रा म्हंजे तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला) थुंकी यात नुसत्या डोळ्यानं भलेभले फसतात.

रंगावर तर जाऊच नका. रक्त वाळलं की हिमोग्लोबिन बदलत जातं, डाग आधी तपकिरी मग पार काळपट होतो. पानाची लाली कात, सुपारी आन चुन्याची, हळदीच्या डागाला साबण लावला की कसा लाल होतो, तसलाच खेळ.

लॅबवाले म्हणून आधी कॅसल-मेयर टेस्ट करतात. डागावर घासलेल्या बोळ्यावर एक बिनरंगी केमिकल टाकायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, काही सेकंदात गुलाबी झालं तर रक्त असू शकतं. असू शकतं बरं का, कारण बटाट्या-मुळ्यातल्या एन्झाइमनं पण गुलाबी येऊ शकतो. मग ताकायामा टेस्टमध्ये मायक्रोस्कोपखाली स्फटिक दिसले की रक्त पक्कं. ते माणसाचं की बोकडाचं हे मात्र अँटीबॉडीवाली टेस्ट सांगते, जर्मनीच्या उलेनहुथनं 1901 मध्ये काढलेली.

थुंकीत शोधायचं अमायलेज, म्हणजे लाळेतलं स्टार्च तोडणारं एन्झाइम. शाळेत स्टार्चमध्ये आयोडीन टाकून निळं केलं होतं ना, त्यात आधी लाळ मिसळून ठेवली तर निळं होतच नाही, तेच हे, लॅबमध्ये फॅडेबास नावाचं रेडिमेड रूप वापरतात. अमायलेज थोडंफार दुसऱ्या द्रवांतही असतं म्हणून हापण अंदाजच. पण लाळेत गालाच्या आतल्या पेशी येतात, म्हणजे डीएनए, त्यामुळं काकांनी कबूल केलं नसतं तरी सापडले असते.

आता खरी गंमत. रोज खर्रा घोटणाऱ्याच्या हिरड्यांतून बरेचदा रक्त येतं. म्हणजे पिचकारीची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते आन अमायलेजचीपण, तेव्हा 'रक्त की थुंकी' हा प्रश्नच चुकीचा, दोन्ही आहे. अशा वेळी डागाचा आकार, सुपारीचे तुकडे, चुन्याचे कण हे बघावं लागतं.

आन असा डाग पडलेला कपडा सापडलाच तर धुवू नका, उन्हात टाकू नका, पोलिसांना बोलवा. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. खर्रा घोटायला पन्नी ठीक आहे, ओल्या डागाला नाही, आत बुरशी येते आन डीएनए खराब होतो.