पोस्टातलं पार्सल, कोपराचा शब्द आणि विद्यापीठांची पत्रकं

२०१९ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठांची जी पत्रकं निघाली त्यात बायकांवरचे अत्याचार आणि परदेशी लोकांवरचे हल्ले, दोन्हींचा निषेध एकत्रच होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, हे काय, दोन वेगळे विषय एकाच पाकिटात का घातलेत?

तर झालं असं होतं की २४ ऑगस्टला, शनिवारी, युनिव्हर्सिटी ऑफ केपटाऊनची फर्स्ट इयरची मुलगी उयिनेने म्र्वेत्याना, वय १९, पार्सल घ्यायला जवळच्या क्लेअरइंच पोस्टात गेली, काउंटरवरच्याने सांगितलं मशीन बंद आहे नंतर ये, आणि ती परत गेली तेव्हा आत तो एकटाच होता. बलात्कार करून त्यानेच तिला मारलं. अंधाऱ्या गल्लीतला कुणी गुंड नाही, पोस्टातला नोकर, तोही भर दिवसा. 'पुढची मीच का' हा हॅशटॅग देशभर फिरला तो यानंतर.

आणि नेमकं त्याच सुमारास जोहान्सबर्गमध्ये परदेशी लोकांची दुकानं फुटत, जळत होती. आता विद्यापीठाला याचं काय? तर सॅडक (आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांची संघटना) च्या १९९७ च्या करारानुसार तिथल्या विद्यापीठांनी किमान ५ टक्के जागा शेजारच्या सदस्य देशांतल्या मुलांसाठी ठेवायच्या असतात. म्हणजे झिम्बाब्वे, लेसोथोची पोरं त्याच वर्गात बसतात, त्याच हॉस्टेलला राहतात.

परदेशी लोकांवरचे हल्ले काही नवीन नव्हते म्हणा. २००८ च्या मे महिन्यात अशाच हल्ल्यांत ६२ माणसं मेली होती. तेव्हा जमाव रस्त्यात माणसाला अडवून कोपर दाखवायचा आणि विचारायचा, याला झुलू भाषेत काय म्हणतात? शब्द आला नाही की तू बाहेरचा. मेलेल्यांपैकी २१ जण चक्क दक्षिण आफ्रिकेचेच होते! २०१५ ला डर्बनमध्ये परत तेच. आणि 'हे लोक आमच्या नोकऱ्या घेतात, आमच्या बायका पळवतात' ही तक्रार दरवेळी असतेच, त्यातलं ते 'आमच्या बायका', म्हणजे बायका जणू आपल्या मालकीच्याच, हे ऐकलं आणि दोन्ही विषय एकाच पाकिटात का, हे माझ्यापुरतं तरी कळलं.

४ सप्टेंबरला केपटाऊनच्या विद्यापीठाने लेक्चर बंद ठेवली, पोरं संसदेवर गेली, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रामाफोसांना बाहेर येऊन गर्दीसमोर बोलावं लागलं. नोव्हेंबरात त्या नोकराने गुन्हा कबूल केला, तीन जन्मठेपा झाल्या.

पण विद्यापीठं आधीपासून एवढी जागरूक होती असं कुणी म्हणत असेल तर जरा थांबा. २०१६ च्या एप्रिलमध्ये ऱ्होड्स युनिव्हर्सिटीत लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या ११ पुरुषांच्या नावांची एक यादी ऑनलाइन आली, मुली रस्त्यावर उतरल्या, तर विद्यापीठ मनाई हुकूम आणायला कोर्टात गेलं. आंदोलनात काही मुलांना डांबून ठेवलं म्हणून २०१७ च्या शेवटी दोघींना जन्मभरासाठी काढून टाकलं. त्यातल्या एकीची हकालपट्टी तिथल्या अपील कोर्टाने रद्द केली, पण कधी, तर २०२२ मध्ये.