गोण्यांचं घर उभं राहतं कशावर?

मातीच्या गोण्या रचून घर बांधतात म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, गोणी फाटली की भिंत बसणार ना? नाही बसत, कारण गोणी हा फक्त साचा आहे. जरा ओलसर माती भरायची, गोणी जागेवर आडवी टाकायची आणि धुम्मसाने चोपायची. आधी नुसता धप्प धप्प आवाज येतो, माती दबत गेली की तो टणक होतो, मग पुढची गोणी. वाळल्यावर ती एक मोठी वीटच होते, वरचं कापड मग असलं काय नि नसलं काय.

खरी गंमत मातीत आहे. साधारण 30 टक्के चिकणमाती आणि बाकी वाळू हे प्रमाण चांगलं मानतात. चिकणमाती जास्त झाली की वाळताना आकसून तडे जातात, कमी पडली तर माती धरूनच राहत नाही. तपासायला लॅब लागत नाही, काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या, वाळू लगेच तळाशी बसते, त्यावर बारीक गाळ, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, कधीकधी तर दुसऱ्या दिवशी.

दोन थरांच्या मध्ये काटेरी तार टाकतात, ती मात्र विसरायची नाही. माती दाब मस्त सोसते पण ताण अजिबात नाही. अशी घरं बरेचदा घुमटासारखी गोल बांधतात, छतही गोण्यांचंच. घुमटात प्रत्येक गोल थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेतात, त्यामुळे खालच्या थरांवर बाहेर ढकलणारा जोर येतो, तो ही तार धरून ठेवते, शिवाय काटे वर-खाली दोन्हीकडे रुतल्यामुळे गोण्या घसरत नाहीत. इराणमध्ये जन्मलेले आर्किटेक्ट नादर खलिली यांनी 1984 मध्ये चंद्रावरच्या घरांसाठी तिथलीच माती वापरायची कल्पना मांडली होती (तिकडे विटा कोण वाहून नेणार!), आणि नंतर 1995 च्या सुमारास इराणच्या खुजेस्तानमध्ये निर्वासितांसाठी असे घुमट खरंच बांधले गेले. 2004 चा आगा खान वास्तुकला पुरस्कारही या कामाला मिळाला.

शत्रू दोन, ऊन आणि पाणी. प्लास्टिकच्या गोण्या कडक उन्हात काही महिन्यांत चुरा होतात, म्हणून गिलावा लांबणीवर टाकू नये. आणि जमिनीतली ओल वर चढते, त्यामुळे तळाच्या एक-दोन थरांत मातीऐवजी खडी भरतात.

आता स्वस्त म्हणाल तर सामान स्वस्त, मेहनत नाही. भरलेली गोणी सहज 40 किलोची होते, आणि अशा शेकडो भरायच्या, उचलायच्या, चोपायच्या. घरचे, मित्र मदतीला असतील तर परवडतं, सगळं मजुरीवर करायचं तर हिशोब फिरतो. आणि घुमट नको, सरळ भिंतींचंच घर हवं असेल तर छताचा खर्च वेगळा धरा, तो गोण्यांनी वाचत नाही.