कोलेस्टेरॉल शरीरातच बनते, हे कळले कसे?

‘अंडी नाहीत, मटण नाही, तुपाची धारही बंद केली, तरी रिपोर्टमध्ये 240 कसे?’ पॅथॉलॉजी लॅबचा कागद हातात धरून शाकाहारी मंडळी हा प्रश्न विचारतात. उत्तर एका ओळीचे आहे: कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा शरीर स्वतःच बनवते, आणि त्यात यकृत पुढे असते. (शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापतात, त्यात कंपनीची करामत काहीच नाही. वनस्पतीच्या तेलात ते मुळातच नसल्यात जमा असते.) ही एक ओळ सिद्ध करताना मात्र रसायनशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या खपल्या.

पदार्थ जुन्या ओळखीचा होता. 18व्या शतकात फ्रान्समध्ये तो पित्ताच्या खड्यांत सापडला आणि ‘पित्त’ व ‘घन’ या ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव पडले. त्याची रचना हा पुढचा पेच. त्यावरच्या कामाबद्दल विंडाउस आणि वीलांड या जर्मन शास्त्रज्ञांना 1928 मध्ये नोबेल पदके मिळाली. गंमत अशी, की त्यांनी मांडलेली रचना चुकीची होती; ती 1932 मध्ये दुरुस्त झाली.

पण रचना कळली म्हणून ते येते कुठून, हे कळत नाही. खाल्लेले कोलेस्टेरॉल आणि शरीराने केलेले कोलेस्टेरॉल दिसायला, वागायला तंतोतंत सारखेच. वेगळे ओळखायचे तर अणूवरच खूण करायला हवी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ शोएनहायमर यांना ही सोय झाली ती परागंदा झाल्यावर. ते ज्यू होते. हिटलर सत्तेवर आला तेव्हा, 1933 मध्ये, जर्मनी सोडून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तिथेच हॅरोल्ड युरी होते, जड हायड्रोजन म्हणजे ड्युटेरियम शोधणारे. साध्या हायड्रोजनपेक्षा वजनाने जास्त, म्हणून हा अणू खुणेसारखा ओळखता येतो. शोएनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी उंदरांच्या अंगातल्या पाण्यात जड पाणी, म्हणजे ड्युटेरियम असलेले पाणी, मिसळले. काही काळाने तपासले, तर उंदरांच्या कोलेस्टेरॉलमधला जवळजवळ निम्मा हायड्रोजन त्या पाण्यातून आलेला होता. म्हणजे हा भलामोठा रेणू शरीर अगदी छोट्या तुकड्यांपासून जुळवत होते. तुकडा कोणता, हे शोधण्याआधीच, 1941 मध्ये, शोएनहायमर यांनी आयुष्य संपवले.

मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी विषय वाटून घेतले. कॉनराड ब्लॉख, हेही जर्मनीतून निसटलेले ज्यू, यांच्या वाट्याला स्निग्ध पदार्थ आले. वाटणी कशी झाली ते नीट आठवत नाही, चिठ्ठ्या टाकल्या असतील, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. 1942 मध्ये ब्लॉख आणि रिटेनबर्ग यांनी दाखवले, की तो तुकडा म्हणजे ॲसेटेट. व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या आम्लाचेच रूप. त्यात कार्बन फक्त दोन. कोलेस्टेरॉलमध्ये 27. मग हिशेब सुरू झाला: 27 पैकी कोणता कार्बन ॲसेटेटच्या कोणत्या टोकाकडून आला? त्यासाठी रेणू फोडून एकेक कार्बन सुटा काढावा लागे. यातला मोठा भाग इंग्लंडमध्ये जॉन कॉर्नफोर्थ आणि जॉर्ज पॉपयाक यांनी उचलला. कॉर्नफोर्थ तरुणपणीच बहिरे झाले होते. शेवटी आकडा लागला तो असा: 15 कार्बन एका टोकाचे, 12 दुसऱ्या टोकाचे.

दोन कार्बनांपासून 27पर्यंतच्या वाटेत मधला टप्पा स्क्वालीन हा तेलकट, लांब साखळीचा रेणू असावा, असा संशय होता. शार्कच्या यकृताच्या तेलात स्क्वालीन भरपूर असते, म्हणून ब्लॉख थेट बर्म्युडा बेटावर गेले. पण हाताळता येतील अशा बेताचे शार्क गळाला लागेनात, आणि त्यांच्या तेलकट यकृताचे पातळ काप काही पडेनात. हात हलवत परत येऊन त्यांनी आणि रॉबर्ट लँगडन यांनी तोच प्रश्न उंदरांवर सोडवला. स्क्वालीनचे कोलेस्टेरॉल होते, हे 1953 पर्यंत दिसले.

उरलेले दुवे लवकर जुळले. म्युनिकमध्ये फेओडोर ल्यूनेन यांनी यीस्टमधून ‘सक्रिय ॲसेटिक आम्ला’ची, म्हणजे ॲसेटेटच्या जोडणीला तयार असलेल्या रूपाची, ओळख पटवली होती. 1956 मध्ये अमेरिकेतल्या मर्क या औषध कंपनीत मेव्हॅलॉनिक आम्ल, म्हणजे ॲसेटेट आणि स्क्वालीन यांच्यामधला दुवा, हाती लागले, तेही जिवाणूंच्या वाढीला लागणारा घटक शोधताना, म्हणजे भलत्याच कामात. 1964 चे वैद्यकाचे नोबेल ब्लॉख आणि ल्यूनेन यांना विभागून मिळाले.

मेव्हॅलॉनिक आम्ल ज्या पायरीवर तयार होते, तिथे सगळ्या कारखान्याचा वेग ठरतो. जपानमध्ये अकिरा एन्दो यांनी हजारो बुरशा चाळून, 1970च्या दशकात, ती पायरी अडवणारे द्रव्य शोधले. त्यातूनच कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे निघाली. त्यांतली काही जुनी गोळी डॉक्टर रात्री घ्यायला सांगतात, कारण यकृतातला हा उद्योग रात्री, आपण झोपलेलो असताना, जास्त जोरात चालतो.