पीएच.डी.चे कोर्सवर्क

पीएच.डी.ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष संशोधनात उतरण्यापूर्वी संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, संगणकाचा वापर, संदर्भलेखन, प्रकाशित संशोधनाचा आढावा आणि संशोधनातील नीतिमत्ता यांचे जे रीतसर शिक्षण दिले जाते, त्याला भारतीय विद्यापीठांत कोर्सवर्क म्हणतात. ‘पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रम’ असे मराठी नाव परिपत्रकांत आढळते. विद्यार्थ्यांच्या आणि गाइडच्या बोलण्यात मात्र कोर्सवर्क हाच शब्द रुळलेला आहे.

पूर्वी बहुतेक विद्यापीठांत हे शिक्षण मार्गदर्शकाच्या हाताखाली, जमेल तसे होत असे. मार्गदर्शक शिस्तीचा असला तर विद्यार्थी टिपणे काढण्यापासून सूची करण्यापर्यंत सारे शिकून निघे, नसला तर प्रबंध सादर करण्याची वेळ आली तरी तळटीप कशी द्यावी हे त्याला ठाऊक नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009च्या विनियमांनी किमान एका सत्राचे कोर्सवर्क देशभर आवश्यक केले. 2016च्या विनियमांत त्यासाठी 8 ते 16 श्रेयांक (क्रेडिट) ठरले आणि त्यांतले किमान 4 संशोधनपद्धतीला दिले गेले. नोव्हेंबर 2022च्या विनियमांनी ही मर्यादा किमान 12 श्रेयांक अशी केली. पुढे जाण्यासाठी 55 टक्के गुण किंवा त्याच्या तोडीची श्रेणी लागते.

‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा 2 श्रेयांकांचा, 30 तासांचा विषय 2019च्या अखेरीस यात आला. त्याची गरज खरी होती. 2016च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे सक्तीचे होते, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे त्या काळात चांगलेच फावले. 2022च्या विनियमांत ही सक्ती राहिली नाही. वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम 2018चे आहेत. त्यांनुसार इतरांच्या लेखनाशी असलेल्या 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि साम्य 60 टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. वर्गात या टक्क्यांचीच चर्चा अधिक होते, ही खेदाची गोष्ट आहे. दुसऱ्याचे म्हणणे कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, हे वाक्यावाक्यात दाखवता येणे हे खरे कौशल्य, आणि ते स्वतः चार पाने लिहून, ती जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्याखेरीज येत नाही.

तांत्रिक कौशल्य म्हणजे केवळ संगणक नव्हे. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्याला मोडी वाचता आली नाही, तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातील किंवा 1910मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील कागद समोर असूनही त्याला मुके राहतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जात, दोन शब्दांत जागा सोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत. त्यामुळे शब्द कोठे तोडायचा हे वाचणाऱ्यानेच संदर्भावरून ठरवायचे असते. अक्षर लागले तरी तारीख लागतेच असे नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी संख्याशब्द म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजेच त्या कागदांत वापरल्या जाणाऱ्या शुहूर कालगणनेचा सन 1161. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवावे लागतात. पानिपतच्या संग्रामाचा जानेवारी 1761 याच सनात येतो. तेथे 600च्या जागी 599 मिळवले तर अख्खी मोहीम एक वर्ष मागे सरकते. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत समजते, पण अंगवळणी पडायला जंत्री उघडी ठेवून शेकडो कागद वाचावे लागतात. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालवले आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग कोणत्याही लेखी परीक्षेहून अधिक होतो.

संगणकाच्या बाबतीत मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. युनिकोड ही सर्व यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. अशा प्रबंधाची पीडीएफ गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधकोशात चढवली, तरी माणसाला ती वाचता येते, शोधयंत्राला येत नाही. त्यातला शब्द शोधून सापडत नाही आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही त्यातले मराठी ओळखू येत नाही. म्हणून युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकन हे मराठी विभागाच्या कोर्सवर्कमध्ये पहिल्याच आठवड्यात यायला हवे. संदर्भांसाठी झोटेरो, गणिती मजकुरासाठी लाटेक्, संख्याशास्त्रासाठी आर ही साधने विनामूल्य मिळतात. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा मुक्त प्रणालींचे छोटे ध्वनिचित्रपाठ तयार केले असून त्यांतले अनेक मराठीतही आहेत. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष प्रणाली उघडून, पाठ थांबवत थांबवत तीच कृती स्वतः करायची, अशी त्यांची रीत आहे.

कोर्सवर्कचा मोठा दोष वेळेचा आहे. बहुतेक विषय पहिल्या सत्रात उरकले जातात, तेव्हा विद्यार्थ्याकडे स्वतःची सामग्री नसते. नमुनानिवड आणि काय-वर्ग (काय-स्क्वेअर) ही संख्याशास्त्रातील चाचणी तो पुस्तकातल्या उदाहरणांवर शिकतो, आणि दोन वर्षांनी स्वतःच्या भरलेल्या प्रश्नावल्या हाती येतात तोवर ते विसरलेला असतो. काही मार्गदर्शक यावर साधा उपाय करतात. ते पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याला वीस-पंचवीस प्रश्नावल्या घेऊन गावात पाठवतात. कोणता प्रश्न लोकांना कळत नाही, कोणत्या प्रश्नावर घरातली बाई गप्प होते आणि उत्तर नवरा देतो, हे तेथे दिसते, आणि मग प्रश्नावली पुन्हा लिहिली जाते.